हिरोशिमाचा न झालेला निवाडा

- विशेष प्रतिनिधी

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी ‘एनोला गे’ या अमेरिकी बी-२९ विमानाने टाकलेला युरेनियमचा बॉम्ब हिरोशिमा शहराच्या मध्यभागी, जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. त्याची शक्ती सुमारे १५ हजार टन टीएनटीइतकी होती. तीन दिवसांनी, ९ ऑगस्टला ११ वाजून २ मिनिटांनी, प्लुटोनियमचा दुसरा बॉम्ब नागासाकीवर पडला. त्या दिवशीचे मूळ लक्ष्य कोकुरा हे शहर होते. तेथे ढग आणि धूर यांमुळे काही दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळले. १९४५ सालच्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७० हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा सर्वसाधारणपणे स्वीकारला जाणारा अंदाज आहे. युद्धात अण्वस्त्रे वापरली गेल्याची जगाच्या इतिहासातील ही दोनच उदाहरणे.

या घटनेला आठ दशके उलटून गेली, तरी तिचा नैतिक निवाडा झालेला नाही. प्रश्न वरकरणी साधा आहे. युद्ध लवकर संपावे आणि पुढचा रक्तपात टळावा, या हेतूने शत्रूच्या नि:शस्त्र नागरिकांना जाणूनबुजून ठार मारणे कधी तरी न्याय्य ठरू शकते काय? या प्रश्नावर सेनानी, शास्त्रज्ञ, इतिहासकार, तत्त्ववेत्ते आणि न्यायमूर्ती आजवर भांडत आले आहेत. १९९८ नंतर स्वतःला अण्वस्त्रधारी म्हणवणाऱ्या भारतालाही हा वाद परक्यांचा म्हणून बाजूला सारता येणार नाही.

मेले ते कोण?

हिरोशिमा हा लष्करी तळ होता, असे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी जाहीर केले. ९ ऑगस्टच्या नभोवाणीवरील भाषणात तर, नागरिकांची हत्या शक्यतो टळावी म्हणूनच पहिल्या हल्ल्यासाठी हे ठिकाण निवडले, असेही त्यांनी सांगितले. यात अर्धसत्य होते. दक्षिण जपानच्या संरक्षणाची जबाबदारी असलेले लष्करी मुख्यालय हिरोशिमात होते आणि तेथे हजारो सैनिक होते. परंतु वैमानिकांना नेम धरण्यासाठी दिलेली खूण होती ती शहराच्या मध्यातील आयोई पूल. लष्करी मुख्यालय वा कारखाना ही ती खूण नव्हती.

मृतांमध्ये बहुसंख्य नागरिक होते. आगीचे लोळ पसरू नयेत म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे तयार करण्याच्या कामाला त्या सकाळी हजारो शाळकरी मुलामुलींना जुंपण्यात आले होते. ती उघड्यावरच होती. जपानने जबरीने आणलेले कोरियन मजूर होते. एवढेच नव्हे, तर शहरात कैदेत असलेले १२ अमेरिकी युद्धकैदीही आपल्याच देशाच्या बॉम्बने मारले गेले. जे वाचले त्यांना जपानी भाषेत ‘हिबाकुशा’ म्हणतात. किरणोत्सर्गाने होणारा रक्ताचा कर्करोग त्यांच्यापैकी अनेकांना पुढील काही वर्षांत झाला. युद्ध संपल्यावरही ज्याचे बळी पडत राहतात, असे हे शस्त्र होते.

‘निर्णय’ नेमका कोणता?

अणुबॉम्ब वापरण्याच्या ‘निर्णया’विषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र तत्कालीन कागदपत्रे पाहता, हा बॉम्ब वापरावा की वापरू नये, या प्रश्नाची मुळापासून चर्चा झाल्याचे दिसत नाही. चर्चा झाली ती कसा, कोठे आणि केव्हा वापरावा, याची. बॉम्ब तयार झाला की तो वापरायचा, हे जवळजवळ गृहीतच होते. १२ एप्रिल १९४५ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे निधन झाले आणि ट्रुमन अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांना या प्रकल्पाची फारशी कल्पनाही नव्हती. त्यांना सविस्तर माहिती मिळाली ती २५ एप्रिलला. चालत्या गाडीत बसलेल्या या नव्या अध्यक्षाने गाडी थांबवण्याचा विचार केला नाही, एवढेच.

युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांच्या अध्यक्षतेखालील अंतरिम समितीने ३१ मे आणि १ जून रोजी विचारविनिमय करून शिफारस केली की, बॉम्ब लवकरात लवकर, पूर्वसूचना न देता, कामगारांच्या वस्तीने वेढलेल्या युद्धसामग्रीच्या कारखान्यावर टाकावा. या वाक्यातली ‘कामगारांची वस्ती’ लक्षात घेण्याजोगी आहे. लक्ष्य कारखाना असला, तरी परिणाम वस्तीवर व्हावा, हे त्यात अनुस्यूत होते.

विरोधाचे सूर नव्हते असे नाही. शिकागो येथील सात शास्त्रज्ञांच्या समितीने जेम्स फ्रँक यांच्या नेतृत्वाखाली ११ जूनला अहवाल दिला. एखाद्या वाळवंटात किंवा ओसाड बेटावर बॉम्बचे प्रात्यक्षिक करून दाखवावे, असे तो सुचवीत होता. लिओ झिलार्ड यांनी १७ जुलैच्या अर्जावर ७० जणांच्या सह्या मिळवल्या; तो अध्यक्षांच्या हाती वेळेत पडलाच नाही. हिटलरच्या हाती बॉम्ब आधी पडू नये, या भीतीने यातील अनेक जण कामाला लागले होते. मे महिन्यात जर्मनी शरण आला, तेव्हा त्यांच्या दृष्टीने मूळ कारणच संपले होते. नौदल खात्याचे उपमंत्री राल्फ बार्ड यांनीही २७ जूनच्या टिपणात जपानला आगाऊ सूचना देण्याचा आग्रह धरला. याउलट रॉबर्ट ओपेनहायमर, एन्रिको फर्मी, अर्नेस्ट लॉरेन्स आणि आर्थर कॉम्प्टन या चार शास्त्रज्ञांच्या मंडळाने, युद्ध संपवू शकेल असे कोणतेही प्रात्यक्षिक आपल्याला सुचवता येत नाही, असा अभिप्राय दिला.

संभाव्य लक्ष्यांच्या यादीतून क्योटोचे नाव मात्र स्टिमसन यांनी हट्टाने काढून घेतले. जुनी राजधानी आणि मंदिरांचे शहर उद्ध्वस्त केल्यास जपानी जनता कधीही क्षमा करणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. एका शहराची गय करण्याचे कारण सापडू शकते, याचा अर्थ विचार करण्यास वाव होता. तो इतर शहरांच्या वाट्याला आला नाही.

समर्थकांचे म्हणणे

बॉम्बच्या समर्थनाची सर्वांत प्रभावी मांडणी स्टिमसन यांनीच फेब्रुवारी १९४७ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकातील लेखात केली. जपानच्या मुख्य भूमीवर उतरावे लागले असते, तर एकट्या अमेरिकी सैन्यातच मृत व जखमींचा आकडा दहा लाखांच्या वर गेला असता, असे आपल्याला सांगण्यात आले होते, असे त्यांनी लिहिले. १ नोव्हेंबर १९४५ रोजी क्युशू बेटावर आणि १९४६ च्या मार्चमध्ये टोकियोच्या पठारावर उतरण्याची योजना खरोखरच तयार होती. ओकिनावाचा अनुभव ताजा होता. तेथे तीन महिन्यांच्या लढाईत बारा हजारांहून अधिक अमेरिकी मेले, जपानी सैन्य जवळजवळ संपूर्ण नष्ट झाले आणि बेटावरील हजारो नागरिकांनी प्राण गमावले.

या युक्तिवादाला मानवी चेहरा दिला तो पॉल फसेल या लेखकाने. युरोपात जखमी झालेल्या या तरुण अधिकाऱ्याची पलटण जपानच्या आक्रमणात भाग घेणार होती. १९८१ मधील आपल्या गाजलेल्या निबंधात त्याने, बॉम्बला नावे ठेवणारे बहुतेक जण त्या किनाऱ्यावर उतरणार नव्हते, याकडे बोट दाखवले. त्याच्या या टोल्याचे उत्तर देणे सोपे नाही.

समर्थकांची आणखी एक बाजू आशियातील वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. युद्धाचा प्रत्येक जादा दिवस चीन, इंडोनेशिया, फिलिपाइन्स, व्हिएतनाम येथील जपानव्याप्त प्रदेशांत माणसे मारीत होता. मार्च १९४२ पासून जपानच्या ताब्यात असलेल्या अंदमानातील भारतीयांनीही उपासमार, छळ आणि हत्या यांचा अनुभव घेतला होता. जपानच्या शरणागतीने त्यांची सुटका झाली, हे नाकारता येत नाही.

विरोधकांचे म्हणणे

विरोधक प्रथम आकड्यांवर आक्षेप घेतात. जून १९४५ मध्ये अमेरिकी लष्करी नियोजकांनी दोन्ही आक्रमणे धरून सुमारे ४० हजार मृत्यूंचा अंदाज वर्तविला होता. नंतरच्या आठवणींत तो पाच लाखांपर्यंत वाढला. अर्थात रिचर्ड फ्रँक यांच्यासारखे इतिहासकार म्हणतात की, क्युशूवर जपानने जुलैत जमवलेले प्रचंड सैन्य पाहता जूनचे अंदाज कालबाह्य झालेच होते.

दुसरा आक्षेप पर्यायांविषयी आहे. जपानची नाकेबंदी झाली होती. परराष्ट्रमंत्री तोगो सोव्हिएत संघाच्या मध्यस्थीसाठी धडपडत होते आणि त्यांच्या तारा अमेरिका वाचत होती. सम्राटाचे पद कायम राहील, एवढी हमी दिली असती तर वाट सुकर झाली असती काय? पॉट्सडॅम जाहीरनाम्याच्या स्टिमसन यांच्या मसुद्यात तशी सूचना होती. २६ जुलैला प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्यातून ती गळली. युद्धानंतर सम्राट पदावर राहिलाच. मग ही गोष्ट आधी का सांगितली नाही, हा प्रश्न आजही बोचतो.

तिसरा आक्षेप सोव्हिएत संघाशी संबंधित आहे. सोव्हिएत संघाने ८ ऑगस्टला युद्ध पुकारले आणि दुसऱ्या दिवशी मांचुरियात सैन्य घुसवले. जपानच्या शरणागतीला बॉम्बपेक्षा हा धक्का अधिक कारणीभूत ठरला, असे त्सुयोशी हासेगावा यांनी २००५ च्या आपल्या ग्रंथात मांडले. त्याआधी १९६५ मध्ये गार अल्पेरोविट्झ यांनी, बॉम्बमागे मॉस्कोला वचक बसवण्याचा हेतू प्रबळ होता, असे प्रतिपादन केले होते. खुद्द अमेरिकेच्या बॉम्बहल्ला सर्वेक्षणाने १९४६ मध्ये निष्कर्ष काढला की, अणुबॉम्ब टाकला नसता, सोव्हिएत संघ युद्धात उतरला नसता, तरी १९४५ संपण्यापूर्वी जपान शरण आलाच असता. नौदलप्रमुख दर्जाचे सेनानी विल्यम लेही यांनीही आठवणींत या शस्त्राला रानटी ठरवले.

तथापि, दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ९ ऑगस्टला, नागासाकीची बातमी येऊन पोचल्यावरही, जपानची सर्वोच्च युद्धपरिषद तीन विरुद्ध तीन अशी दुभंगलेली होती. सम्राटाला स्वतः हस्तक्षेप करावा लागला. १४ ऑगस्टच्या रात्री काही लष्करी अधिकाऱ्यांनी बंड करून शरणागती हाणून पाडण्याचा प्रयत्नही केला. ‘जपान शरण येणारच होता’ हे विधान जितक्या सहजतेने केले जाते, तितके ते सोपे नव्हते.

बेरजेपलीकडचा प्रश्न

येथवरचा वाद हा ‘जर-तर’चा आहे. किती मेले असते, किती वाचले, याची बेरीज-वजाबाकी. परंतु हा हिशेब उद्या निर्विवाद लागला, तरी नैतिक प्रश्न सुटेल काय?

१९५६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने ट्रुमन यांना सन्माननीय पदवी देण्याचे ठरवले, तेव्हा तेथील तत्त्वज्ञ एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम यांनी जाहीर विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, साध्य कितीही चांगले असो, निरपराध माणसांचा मृत्यू हेच साधन म्हणून निवडणे ही हत्याच होय. शत्रूच्या तोफखान्यावर मारा करताना शेजारच्या घरातले कोणी मरणे आणि शेजारच्यांनी मरावे म्हणूनच मारा करणे, यांत मूलभूत फरक आहे. बिनशर्त शरणागतीचा अट्टहास हेच या सगळ्या अनर्थाचे मूळ, असेही त्या म्हणत. मायकेल वॉल्झर यांनी १९७७ मध्ये हाच मुद्दा पुढे नेला. ‘आक्रमण की बॉम्ब’ हे दोनच पर्याय अमेरिकेनेच आपल्यापुढे उभे केले होते. वाटाघाटीचा तिसरा मार्ग न चोखाळता दोहोंतील कमी वाईट निवडल्याचे श्रेय घेता येत नाही, असा त्यांचा रोख आहे.

यावर समर्थकांचे एक उत्तर नेहमी येते. ९ मार्च १९४५ च्या रात्री साध्या अग्निबॉम्बांनी टोकियोत सुमारे एक लाख माणसे जाळली गेली. पाठोपाठ साठाहून अधिक जपानी शहरे होरपळली. मग हिरोशिमाचेच वेगळे काय? वस्तुस्थिती म्हणून हे खरे आहे. समर्थन म्हणून मात्र ते उलटते. नागरिकांवर हल्ला न करण्याची मर्यादा आधीच ओलांडली गेली होती, म्हणूनच अणुबॉम्बचा प्रश्न कोणाला नवा वाटला नाही. मर्यादा एकदा सरकली की पुढचे पाऊल पाऊलच वाटत नाही, हाच हिरोशिमाचा खरा धडा म्हणावा लागेल. ट्रुमन यांनी २५ जुलैच्या रोजनिशीत लक्ष्य लष्करीच असेल, बायका-मुले नव्हेत, असे लिहून ठेवले. १० ऑगस्टला मात्र आपल्या स्पष्ट परवानगीवाचून तिसरा बॉम्ब टाकू नये, असा आदेश त्यांनी दिला. आणखी एक लाख माणसे, त्यातही लहान मुले मारण्याची कल्पना त्यांना असह्य वाटत होती, अशी नोंद मंत्रिमंडळातील सहकारी हेन्री वॉलेस यांनी केली आहे. ज्याचे समर्थन ते आयुष्यभर करीत राहिले, त्याची जाणीव त्यांना चार दिवसांत झाली होती.

कायद्याची अपुरी भाषा

टोकियो येथील युद्धगुन्हेगारांच्या खटल्यात कोलकात्याचे न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी १९४८ मध्ये स्वतंत्र निकालपत्र दिले. पहिल्या महायुद्धात सरसकट संहाराचे समर्थन करणाऱ्या जर्मन सम्राटाच्या पत्राशी तुलना होईल असे पॅसिफिक युद्धात काही असेल, तर तो दोस्त राष्ट्रांचा अणुबॉम्ब वापरण्याचा निर्णय होय, असे त्यांनी त्यात नोंदवले. विजेत्यांच्या कृत्यांचा खटला मात्र कधीच उभा राहिला नाही. ७ डिसेंबर १९६३ रोजी टोकियो जिल्हा न्यायालयाने, हे हल्ले तत्कालीन आंतरराष्ट्रीय कायद्याचाही भंग करणारे होते, असा निर्णय दिला. पण फिर्यादी हिबाकुशांना नुकसानभरपाई मिळाली नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विचारलेल्या प्रश्नावर हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ८ जुलै १९९६ रोजी सल्लादर्शक मत दिले. अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे मानवतावादी कायद्याशी विसंगत ठरेल. मात्र राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागले असता स्वसंरक्षणार्थ केलेला वापर बेकायदा आहे की नाही, हे निश्चितपणे सांगता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. मते सात विरुद्ध सात अशी पडली आणि अध्यक्ष मोहम्मद बेजाऊई यांच्या निर्णायक मताने हा परिच्छेद संमत झाला. विरोधी मत देणारे श्रीलंकेचे न्यायमूर्ती ख्रिस्तोफर वीरमंत्री यांनी, कोणत्याही परिस्थितीत हा वापर बेकायदाच, असे ठणकावले. सर्वसंहारक अस्त्रांचा वापर निषिद्ध मानणाऱ्या रामायण-महाभारतातील प्रसंगांचा दाखलाही त्यांनी दिला.

भारताची कसोटी

या खटल्यात भारतानेही १९९५ मध्ये लेखी निवेदन सादर केले होते. अण्वस्त्रांचा वापर, अगदी शत्रूने आधी वापरली असता प्रत्युत्तर म्हणून केलेला वापरही, बेकायदा ठरतो, अशी भूमिका त्यात घेतलेली होती. त्याआधी जुलै १९४६ मध्ये ‘हरिजन’मध्ये महात्मा गांधींनी अणुबॉम्बची नि:संदिग्ध निर्भर्त्सना केली होती आणि विजेत्या राष्ट्राच्या आत्म्याचे काय झाले, हे कळायला अजून अवकाश आहे, अशा आशयाचा इशारा दिला होता.

मे १९९८ मध्ये पोखरण येथे चाचण्या झाल्या. ४ जानेवारी २००३ रोजी सरकारने अण्वस्त्रविषयक धोरण जाहीर केले. अण्वस्त्रे प्रथम वापरणार नाही, ही त्यातील हमी जगात उठून दिसते आणि तिचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच धोरणात, आपल्यावर अण्वस्त्र हल्ला झाल्यास प्रचंड आणि शत्रूला असह्य होईल असे प्रत्युत्तर देण्याची तरतूदही आहे. ‘प्रथम नाही’ हे वचन अस्त्र केव्हा वापरायचे, या प्रश्नाचे उत्तर आहे. ते कोणावर पडेल, याचे उत्तर त्यात नाही. मुंबई बेचिराख झाल्यास सीमेपलीकडील शहरातल्या शाळकरी मुलांना त्याची शिक्षा देणे न्याय्य ठरेल काय, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

प्रतिरोधाचा सिद्धान्त मानणारे सांगतात की, धमकी खरी वाटली तरच ती अमलात आणण्याची वेळ येत नाही. १९४५ नंतर एकदाही अण्वस्त्र वापरले गेले नाही, हे त्यांच्या बाजूचे वजनदार प्रमाण आहे. दुसरीकडे, २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यापासून रशियाकडून अण्वस्त्रांच्या धमक्या उघडपणे ऐकू येत आहेत. अण्वस्त्रबंदीचा करार २०१७ मध्ये संमत होऊन २२ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. भारतासह एकही अण्वस्त्रधारी देश त्यात सामील नाही. २०२४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक ‘निहोन हिदान्क्यो’ या हिबाकुशांच्या संघटनेला मिळाले, तेव्हा तिचे बहुतेक सदस्य वार्धक्याने थकलेले होते. प्रत्यक्ष पाहिलेले सांगणारी ही पिढी आता संपत आली आहे.

महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थाम्याच्या अस्त्राला उत्तर म्हणून अर्जुनही अस्त्र सोडतो. पण ऋषींनी अडवताच तो ते मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही आणि अस्त्र उत्तरेच्या गर्भावर जाते. अणुबॉम्ब मागे घेण्याची विद्या कोणत्याही सेनानीजवळ नाही. म्हणूनच त्याचा विचार तो सुटण्यापूर्वी, शांततेच्या काळात करावा लागतो. १९४५ च्या वसंतात वॉशिंग्टनमधील सुजाण, सुशिक्षित माणसांना तो करण्यास सवड मिळाली नाही, कारण ‘वापरावा का’ हा प्रश्न कोणी पटलावर ठेवलाच नाही. आपल्यापाशी ती सवड आज आहे.